विदर्भाचा शेतकरी आळशी, म्हणून इथे अमूल झाली नाही?

एक संदेश सध्या आपल्याकडच्या प्रत्येक व्हॉट्सअॅप गटात फिरतो आहे. शेतकऱ्यांच्या गटात आला, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटात आला, नात्यातल्या लोकांनीही पाठवला. त्याचा मजकूर थोडक्यात असा: गुजरातच्या शेतकऱ्यांनी सरकारची दमडी न घेता, एकट्या कुरियनसाहेबांच्या जोरावर अमूल उभी केली आणि आज गुजरातचं दूध अमेरिकेत विकलं जातं. विदर्भात पाणी नाही, चारा नाही आणि पहाटे उठून धार काढायची शेतकऱ्याची तयारी नाही, त्याला फक्त पॅकेज आणि कर्जमाफी पाहिजे. तसंही अमूल आता शेतकऱ्यांची राहिलेली नाही, मोठी कंपनी झाली आहे.

खाली अंगठ्यांची रांग लागते. अंगठे देणाऱ्यांत आपलीच पोरं आहेत, ज्यांच्या आया अंधारात उठून गोठा झाडतात. म्हणून याला उत्तर द्यायला पाहिजे आणि एकेका मुद्द्याला द्यायला पाहिजे.

पहिला मुद्दा, एकट्या माणसाचा. डॉ. वर्गीस कुरियन गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या आणंदला पोचले १३ मे १९४९ रोजी, तेही सरकारी लोणी-कारखान्यातल्या नोकरीवर. खेडा जिल्हा दूध उत्पादक संघाची, म्हणजे पुढच्या अमूलची, नोंदणी त्याआधीच, १४ डिसेंबर १९४६ ला झालेली होती. त्याच्याही आधी, ४ जानेवारी १९४६ ला समरखा गावात शेतकऱ्यांची सभा भरली. मुंबईला दूध पुरवायचा मक्ता पॉलसन डेअरीकडे होता, भाव ती ठरवायची, आणि दूध नासायच्या आत विकायचं म्हणून शेतकरी मिळेल तो भाव घ्यायचा. सरदार पटेलांनी सल्ला दिला होता की दूध गोळा करणं आणि विकणं स्वतःच्या हातात घ्या. मोरारजी देसाई त्या सभेला होते. शेतकऱ्यांनी सुमारे पंधरा दिवस मुंबईला दूध जाऊ दिलं नाही, तेव्हा कुठे सरकार नमलं. गावोगाव पायी फिरून सोसायट्या बांधल्या त्रिभुवनदास पटेलांनी. तेच संघाचे पहिले अध्यक्ष.

कुरियन मोठे होतेच. पण ते शेतकऱ्यांच्या संघाचे पगारी नोकर होते आणि ही गोष्ट ते स्वतः अभिमानाने सांगत. त्यांच्यासोबत एच. एम. दलाया होते. म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही असं परदेशी तज्ज्ञ म्हणत असताना दलायांनी ती करून दाखवली. पुढे प्रत्येक जिल्ह्याला आपापला माणूस मिळाला. मेहसाण्यात मानसिंहभाई पटेल, बनासकाठ्यात गलबाभाई पटेल. हे त्या-त्या जिल्ह्यातले शेतकरी पुढारी, बाहेरून आणलेले साहेब नव्हेत. संदेश लिहिणाऱ्याने या सगळ्यांना पुसून एकच नाव ठेवलं. त्याचा परिणाम असा होतो की आपलं पोरगं एखाद्या कुरियनची वाट बघत बसतं. वाट बघायचीच असेल तर त्रिभुवनदासांची बघावी, कारण सुरुवात त्यांच्यापासून झाली. आणि तसा माणूस गावातूनच निघावा लागतो.

दुसरा मुद्दा, सरकारची दमडी न घेता. हे धादांत चूक आहे. संघाने दूध विकायला सुरुवात केली तीच मुळी मुंबई सरकारच्या दूध योजनेला. म्हणजे पहिल्या दिवसापासून ठरलेलं गिऱ्हाईक होतं आणि ते सरकार होतं. १९५५ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते ज्या भुकटी कारखान्याचं उद्घाटन झालं, त्याची यंत्रं युनिसेफच्या मदतीने आली होती आणि न्यूझीलंडचीही मदत होती. बाहेरून येणाऱ्या लोण्याच्या आणि भुकटीच्या आयातीला केंद्राने आवर घातला, म्हणून देशी माल टिकला. १९७० मध्ये आणंदची पद्धत देशभर नेणारी ऑपरेशन फ्लड योजना सुरू झाली, ती युरोपातून देणगी म्हणून आलेल्या भुकटीवर आणि बटर ऑइलवर. हा माल इथे विकून जो पैसा उभा राहिला तो गावच्या सोसायट्या, शीतकरण आणि कारखाने यांत घातला. पुढच्या टप्प्यात जागतिक बँकेचं कर्जही आलं.

मदत तिथे आली तशी आपल्याकडेही आली. फरक ती कशात घातली याचा. २००६ मध्ये पंतप्रधान विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. जोडधंदा म्हणून त्यात अनुदानावर जास्त दुधाच्या संकरित गायी होत्या. गाय दारात आली. पण बहुतेक गावांत दूध घ्यायला रोज येणारी गाडी नव्हती, जवळ शीतकरण केंद्र नव्हतं, आजारी पडली तर डॉक्टर नव्हता. उन्हाळ्यात ४५ अंशांवर संकरित गाय धापा टाकते, तिला पाणी आणि हिरवा चारा लागतो, आणि इकडे दूध हॉटेलवाल्याला त्याच्या भावाने द्यावं लागायचं. पुष्कळांनी त्या गायी विकून टाकल्या. तेव्हाही लोक म्हणालेच, बघा, यांना फुकटचं दिलं तरी सांभाळता येत नाही. आणंदला शेतकऱ्यांनी आधी बाजार हातात घेतला आणि मग जनावरं वाढवली. आपल्याकडे आधी जनावर दिलं आणि बाजाराचं कुणी नावही काढलं नाही.

तिसरा मुद्दा, पाणी आणि चारा. इथे जरा थांबावं लागेल, कारण यात अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं जास्त नुकसान करतं.

पाण्याचं बघा. गुजरातेतला सगळ्यात मोठा दूध संघ बनासकाठ्याचा, आणि तो जिल्हा राजस्थानच्या वाळवंटाला लागून, दुष्काळाच्या पट्ट्यातला. कच्छमध्येही दूध संघ चालतो आणि तिथे वर्षाचा सरासरी पाऊस आपल्या वर्ध्याच्या निम्म्याच्याही आसपास जेमतेम जातो. भंडारा-गोंदियाला तर तलावांचे जिल्हे म्हणतात. पावसावर ठरलं असतं तर दुधाचा महापूर गोंदियात आला असता.

१९६४ च्या ऑक्टोबरात लालबहादूर शास्त्री खेडा जिल्ह्यातल्या अजरपुरा गावात एका शेतकऱ्याच्या घरी मुक्कामाला राहिले. देशभर सरकारी डेअऱ्या तोट्यात आणि एकटं आणंद कसं चालतं, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. पुढे कुरियन यांनी ही हकिकत सांगितली आहे. शास्त्रीजींनी माती बघितली, पाऊस विचारला, म्हशी बघितल्या, चारा बघितला. यातलं काहीच इतर ठिकाणांपेक्षा फार चांगलं नव्हतं. वेगळी होती ती एकच गोष्ट: डेअरी शेतकऱ्यांच्या मालकीची होती. त्यातूनच १९६५ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ निघालं. आज जो प्रश्न व्हॉट्सअॅपवर फिरतो आहे त्याचं उत्तर पंतप्रधानांनी गावात राहून साठ वर्षांपूर्वी काढलेलं आहे.

आता चारा. चाऱ्याची अडचण खरी आहे, पण ती निसर्गाने दिलेली नाही. आपल्या आजोबांच्या काळी वऱ्हाडात ज्वारी होती आणि ज्वारीमागे कडबा होता. कपाशी-सोयाबीन आलं आणि कडबा गेला. सोयाबीनचं कुटार जनावर कडब्याच्या गोडीने खात नाही. आणि ढेपेचं, म्हणजे तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीचं काय? सरकीच्या ढेपेचा वायदेबाजारातला करार अकोल्याच्या नावाने चालतो. कापूस आपला, सरकी आपली, ढेप आपल्या इथल्या तेलघाण्यांची, आणि दुभत्या जनावराला ती घालायला परवडत नाही ते आपल्याच शेतकऱ्याला. का, तर दुधाला रोजचा भरवशाचा पैसा नाही. दूध संघ जिथे मजबूत आहेत तिथे संघच पशुखाद्याचा कारखाना काढतो आणि खाद्याचे पैसे दुधाच्या बिलातून वळते करून घेतो. खेडा संघाचा असा कारखाना १९६० च्या दशकातच उभा राहिला होता.

जनावरांचंही तसंच आहे. वर्धा-नागपूरकडची आपली गवळाऊ गाय दुधाला बेताची, कारण हा मुलूख कपाशीचा. इथे पिढ्यान्‌पिढ्या गाय निवडली गेली ती चपळ बैलासाठी. शेतकऱ्याने त्या वेळी त्याला लागेल ते निवडलं, यात त्याचं काय चुकलं? आणि दुधासाठी नागपुरी म्हैस होतीच, पूर्णेच्या खोऱ्यात पूर्णाथडी आहे. आपला उन्हाळा सोसणाऱ्या म्हशी आहेत या. त्यांच्यावर पैदाशीचं काम जेवढं व्हायला पाहिजे होतं तेवढं झालं नाही. मेहसाण्याच्या म्हशीवर झालं, कारण तिथे संघाला तिची गरज होती आणि कृत्रिम रेतनाची सोय संघाने गावापर्यंत नेली.

चौथा मुद्दा, आळस. खरं सांगायचं तर याच वाक्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. जो माणूस मे महिन्यात कपाशीची वाळलेली पऱ्हाटी उपटतो, जी बाई भर उन्हात कापूस वेचून घरी येऊन पुन्हा चुलीला लागते, ती आळशी? मेळघाटातल्या आणि आर्वी-कारंज्याकडच्या गवळ्यांनी तर पिढ्या दुधातच काढल्या. वर्ध्याचं गोरस भांडार सहकारातलंच आहे, त्याचा गोरसपाक आपण पाहुण्यांना कौतुकाने देतो. दूध आणि सहकार हे दोन्ही या मातीला नवे नाहीत.

आमच्या गावात एका खासगी डेअरीने संकलन केंद्र उघडलं होतं. तेव्हा पहाटे कॅनसमोर रांग असायची. ज्यांनी कधी म्हैस पाळली नव्हती त्यांनी बचतगटाचं कर्ज काढून घेतली. मग दुधातलं फॅट, ज्यावर भाव ठरतो, ते अचानक कमी लागू लागलं. फॅट मोजायचं मशीन दूध घालणाऱ्याला दिसेल असं ठेवलेलं नव्हतं, पावती नव्हती. चुकारा, म्हणजे दुधाचे पैसे, दहा दिवसांचा पंधरावर गेला, पंधराचा महिन्यावर, आणि एका पावसाळ्यात गाडी यायची बंद झाली. शेवटचे चुकारे अजून अडकलेले आहेत. त्या बायांनी म्हशी विकल्या त्या आळसाने नव्हे, कर्जाचे हप्ते थकले म्हणून. आणंदच्या सोसायट्यांत सुरुवातीची रीत अशी होती की सकाळच्या दुधाचे पैसे संध्याकाळच्या दुधाला आलात की हातात. दोन वेळा माप, दोन वेळा तपासणी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. हा चुकारा इथे देऊन बघा, मग कोण किती वाजता उठतो ते मोजा.

अजून एक हिशोब. अमूलचे शेतकरी सभासद सुमारे ३६ लाख आणि रोजचं दूध ३ कोटी लिटरच्या आसपास. भागाकार केला तर घरटी साधारण आठ लिटर. सगळे सभासद रोज दूध घालत नसतील, काही दूध गुजरातबाहेरूनही येतं, हे धरलं तरी चित्र बदलत नाही. दोन-तीन म्हशींची ही माणसं आहेत. आपल्याकडच्या दोन-चार एकरवाल्यापेक्षा ती काही वेगळी नाहीत.

शेवटचा मुद्दा, अमेरिका आणि कंपनी. गुजरातचं ताजं दूध विमानाने अमेरिकेत जात नाही. २०२४ मध्ये अमूलने तिथल्या मिशिगन मिल्क प्रोड्युसर्स असोसिएशनशी करार केला. दूध तिकडच्याच गायींचं, गोळा करणं आणि प्रक्रिया त्यांची, नाव आणि विक्री अमूलची. ही मिशिगनची संस्थासुद्धा शेतकऱ्यांचीच सहकारी संस्था आहे, १९१६ पासूनची. भुकटी, तूप, चीज हा टिकाऊ माल मात्र भारतातून बाहेर जातो.

आणि मालकी? गावच्या सोसायटीत दूध घालणारा सभासद, त्याला एक मत, मग त्याची एक म्हैस असो की वीस. सोसायट्यांचा जिल्हा संघ. १८ जिल्हा संघांचा मिळून महासंघ, जो १९७३ मध्ये विक्रीसाठी स्थापन झाला. २०२३-२४ मध्ये महासंघाची उलाढाल ५९ हजार कोटींच्या वर होती आणि तरी त्याचा शेअर बाजारात विकला जात नाही. गिऱ्हाइकाच्या रुपयातले ऐंशी पैसे किंवा त्याहून जास्त उत्पादकाला परत जातात, असं अमूलचे अधिकारी सांगतात. संचालक मंडळांत राजकारण शिरलेलं आहे, हे खरं आहे आणि त्यावर तिथेही भांडणं होतात. पण परदेशात धंदा गेला की शेतकऱ्याची मालकी जाते, हा नियम नाही. डेन्मार्क आणि स्वीडनच्या संघांनी २००० मध्ये एकत्र येऊन आर्ला केली, ती जगभर विकते आणि अजून शेतकऱ्यांचीच आहे.

उलट आपल्या महाराष्ट्राकडे बघा. राज्याचा दूध महासंघ, महानंद, २०२४ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे चालवायला द्यावा लागला. तो चालवायची जबाबदारी दूध घालणाऱ्या बाईची नव्हती.

२०१६ पासून मदर डेअरी विदर्भात दूध घेते, पैसे खात्यात टाकते. गाडी रोज येते ही मोठी गोष्ट आहे आणि तिचं मोल आम्ही जाणतो. पण मदर डेअरी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या मालकीची आहे, दूध घालणाऱ्यांच्या नव्हे. भाव ठरवणाऱ्या खोलीत आपला माणूस अजून बसलेला नाही. तेव्हा हा संदेश पुन्हा आला की पाठवणाऱ्याला एवढंच विचारा: तुझ्या गावात दुधाचं मशीन कुणाचं आहे, फॅटचा आकडा कुणाला दिसतो, चुकारा कोणत्या वारी होतो आणि संस्थेच्या निवडणुकीत मत कुणाला आहे?