सह्याद्रीचा कडा समुद्रानं कापलेला नाही, आणि कोकणच्या खाड्याही नाहीत

पाऊस लागला, गगनबावड्याच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली की कोल्हापूरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो. वर करूळ घाटातून दिसणाऱ्या कोकणाचा धुक्यातला फोटो आणि खाली ‘विज्ञानानं सिद्ध केलेलं सत्य’. त्याचा गोषवारा असा: सह्याद्रीचा कडा हा एकेकाळचा समुद्रकिनारा, लाटांनी तो उभा कापला. मग समुद्र मागे हटला आणि त्याचा तळ उघडा पडून कोकण झालं. जांभ्यातली भोकं ही समुद्री जीवांची घरं. खाड्या म्हणजे मागे जाताना समुद्रानं कोरलेल्या वाटा. आता समुद्र पुन्हा वाढतोय, त्यामुळे २०५० पर्यंत गगनबावडा बंदर होणार.

काही जण याला परशुरामाची कथा जोडतात. ती श्रद्धेची गोष्ट आहे, तिच्याशी वाद नाही. वाद आहे तो विज्ञानाच्या नावावर खपवलेल्या या पाच विधानांशी. शाळेतली मुलं हा मजकूर प्रकल्पवहीत उतरवून काढतात, म्हणून एकेक विधान नीट तपासायला हवं.

‘कडा लाटांनी कापला’

लाटांनी कापलेला कडा पाहायचा तर हरिहरेश्वरला जावं. लाट खडकावर काम करते ती एका अरुंद पट्ट्यात, ओहोटीच्या पाण्यापासून उधाणाच्या पाण्यापर्यंत आणि त्यावर लाटा फुटून उसळतात तेवढ्या उंचीत. म्हणून कड्याच्या पायाशीच आडवी खोबण पडते. खोबण खोल गेली की वरच्या दगडाचा आधार सुटतो, तो कोसळतो, लाटा त्याचे गोटे करतात आणि तेच गोटे पुन्हा कड्यावर आपटतात. कडा मागे सरकत जातो आणि त्याच्या पुढ्यात ओहोटीला उघडा पडणारा सपाट कातळ राहतो. खोबण, सपाट कातळ, गोल गोटे या तीन खुणा शोधायच्या. (त्या कातळावर उतरायचं असेल तर भरतीची वेळ गावात विचारूनच उतरावं. पाणी चढायला लागलं की परतीची वाट आधी बंद होते.)

आता गगनबावड्याहून खाली बघा. पुढ्यात सपाट कातळ नाही, डोंगरधारा आणि दऱ्या आहेत. कडाही सरळ रेषेत नाही. ओढा जिथून खाली पडतो तिथे तो आत गेलेला, आणि दोन ओढ्यांच्या मध्ये सोंडेसारखा बाहेर आलेला. लाटा नेमकं उलट करतात: बाहेर आलेलं टोक आधी झिजवतात. आत गेलेली जागा जर पाण्याची धार पडते तिथेच असेल, तर ते काम त्या धारेचं आहे.

आणखी एक अडचण. कातळाचा मंच जसजसा रुंद होतो तसतशी लाटेची ताकद त्या उथळ कातळावरच संपते. त्यामुळे असे मंच साधारणपणे काहीशे मीटरच्या पलीकडे वाढत नाहीत. गगनबावडा ते विजयदुर्ग सरळ रेषेत ५० ते ५५ किलोमीटर आहे. तेवढं अंतर लाटा कापू शकत नाहीत.

मग कडा आला कुठून? सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर एकावर एक साचले. त्यानंतर काही काळातच सेशेल्सचा भूखंड भारतापासून तुटून बाजूला गेला आणि देशाला पश्चिमेकडे नवा काठ मिळाला. बहुतेक भूवैज्ञानिकांच्या मते त्या काठाशी तयार झालेला उतार पाऊस आणि ओढे खात खात पूर्वेकडे सरकवत आले. घाटमाथ्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास. माथ्यावर उगम पावणारी कुंभी पूर्वेला पंचगंगेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जाते, म्हणजे तिला उतरायला हजार किलोमीटरच्या वर वाट आहे. कड्याखालचं पाणी मात्र वाघोटण नदीतून विजयदुर्गच्या खाडीत पोचतं. साधारण तेवढीच उंची त्याला पन्नास-साठ किलोमीटरमध्ये उतरायची असते, आणि बहुतेक उतार पहिल्या काही किलोमीटरमध्येच. तीव्र उताराचं पाणी जास्त कापतं, म्हणून कडा पश्चिमेकडून खाल्ला जातो आणि पूर्वेकडे हटतो.

हे कापणं दगडाच्या रचनेवर चालतं. लाव्हाचा एक थर घट्ट, त्याखालचा भोकाभोकाचा आणि मऊ. दोन थरांच्या मध्ये अनेक ठिकाणी विटेसारखा तांबडा पट्टा असतो, कुठे चार बोटं, कुठे हातभर. मऊ भाग भिजून झडतो, वरचा घट्ट थर अधांतरी राहतो आणि उभ्या भेगांवर तुटून पडतो. कड्याच्या पायऱ्या पडतात त्या यामुळेच. पावसाळ्यात घाटात दरड येते तेव्हा हेच चाललेलं असतं. आजच्या किनाऱ्यापासून गगनबावड्यापर्यंतचं अंतर सहा कोटी वर्षांत वाटलं तर सरासरी वर्षाला एक मिलिमीटरही पडत नाही. वेग सगळा काळ सारखा नव्हता हे खरं, पण एवढ्या कामाला पाऊस आणि ओढे पुरेसे आहेत हे त्यावरून कळतं.

‘कोकण म्हणजे समुद्राचा उघडा पडलेला तळ’

समुद्राच्या तळावर गाळ, शिंपले, चुनखडी साचते. कोकणात बहुतेक ठिकाणी विहीर खणली की जांभा लागतो आणि त्याखाली तोच काळा दगड, जो करूळ घाटात आहे आणि जोतिबाच्या डोंगरातही आहे. वर सांगितलेला तांबडा पट्टा म्हणजे दोन उद्रेकांच्या मधल्या काळात उघड्या हवेत झिजलेला दगड आणि त्यावर तयार झालेली माती, पुढच्या लाव्हाखाली दबलेली. किनाऱ्यालगतचा सगळ्यात बोलका पुरावा मुंबईत वरळीला सापडला: लाव्हाच्या थरांमधल्या गाळात बेडकांचे जीवाश्म. बेडूक गोड्या पाण्याचा प्राणी. त्या काळी तिथे तळी होती, समुद्राचा तळ नव्हता.

या विधानात खऱ्याचा एक बारीक अंश आहे. कोकण किनाऱ्यावर काही ठिकाणी वाळू आणि शिंपल्यांचा चुरा चिकटून झालेला दगड मिळतो, त्याला करळ म्हणतात. काही जागी तो आजच्या भरतीरेषेच्या थोडा वर आहे. म्हणजे गेल्या काही हजार वर्षांत पाणी आजच्यापेक्षा काही मीटर वर होतं, किंवा तिथली जमीन तेवढी उचलली गेली. काही मीटर. त्यातून किनाऱ्यालगतची एखादी पट्टी मिळते, अख्खं कोकण मिळत नाही. जमीन खरोखर वर येताना पाहायची तर स्वीडन आणि फिनलंडमधल्या बोथनियाच्या आखातात. हिमयुगातल्या बर्फाचं ओझं उतरल्यामुळे तिथली जमीन आजही वर्षाला आठ-नऊ मिलिमीटर उचलली जाते, आणि जुन्या किनाऱ्यांच्या रेषा एकीवर एक पायऱ्यांसारख्या मागे राहतात. कोकणात तशा रांगा नाहीत.

‘जांभ्यातली भोकं समुद्री जीवांची’

हे विधान सगळ्यात जास्त पटतं, कारण भोकं कुणालाही दिसतात. पण मग पन्हाळ्याचं काय? पन्हाळ्याचा माथा जांभ्याचा, शेजारचं मसाई पठार जांभ्याचं, पाचगणीचं टेबललँडही जांभ्याचंच. पन्हाळा ९०० मीटरच्या वर, पाचगणी १३०० मीटरच्या आसपास. भोकं समुद्रानं पाडली म्हणायची तर समुद्र पाचगणीपर्यंत चढवावा लागेल.

जांभा तयार होतो तो उष्ण हवा आणि भरपूर पाऊस यांमुळे. पाणी दगडात मुरतं, त्यातली सिलिका आणि क्षार विरघळवून नेतं, मागे लोखंड आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं राहतात. लोखंडाचा भाग घट्ट जाळीसारखा जमतो आणि जाळीच्या पोकळ्यांत पांढरी-पिवळी माती राहते. दगड उघडा पडला की ती माती पावसानं धुऊन जाते आणि भोकं दिसू लागतात. खाणीतून नुकताच काढलेला चिरा फोडून पाहा: आतली भोकं मातीनं भरलेली असतात. तोच चिरा उन्हापावसात राहिला की कडक होतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस बुकानन या डॉक्टरनं मलबारात असा दगड विटांसारखा कापताना पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटेराइट हे नाव दिलं.

भोकं तीन प्रकारची असतात आणि ती वेगळी ओळखता येतात. जांभ्याची भोकं वेडीवाकडी, नळ्यांसारखी, एकमेकांत शिरलेली. काळ्या दगडातली भोकं म्हणजे लाव्हातले वायूचे बुडबुडे: गोल किंवा लांबट, एकमेकांपासून सुटी, पुष्कळदा पांढऱ्या स्फटिकांनी भरलेली. दगड पोखरणाऱ्या शिंपल्यांची भोकं तोंडाशी अरुंद, आत रुंद, गुळगुळीत सुरईसारखी, आणि ती भरती-ओहोटीच्या पट्ट्यात किंवा त्याखालच्या उथळ समुद्रात मिळतात.

शंका राहिली तर लिंबू घ्या. शिंपल्याचा चुरा किंवा करळाची थोडी पूड करून त्यावर रस पिळला तर बारीक बुडबुडे येतात. जांभ्याच्या पुडीवर येत नाहीत. इथे एक चूक नेहमी होते: काळ्या दगडाच्या पोकळीतला पांढरा स्फटिक काही वेळा कॅल्साइट असतो, आणि त्यावरही बुडबुडे येतात. तेवढ्यावरून तो दगड समुद्रातला ठरत नाही. चाचणी शिंपल्याच्या तुकड्यावर करावी.

‘खाड्या समुद्रानं कोरल्या’

या विधानात कोकणाचा इतिहास बरोबर उलटा झालाय. विजयदुर्गची खाडी आत खारेपाटणपर्यंत, जवळपास ४० किलोमीटर जाते. एवढ्या आत मोठी लाट पोचत नाही. भरतीचं पाणी पोचतं, पण ते गाळ इकडून तिकडे करतं, काळ्या दगडात दरी कोरत नाही. आणि खाडीवर पूल बांधताना खडक शोधायला चिखलातून आजच्या समुद्रपातळीच्या बरंच खाली जावं लागतं. नदी आपलं पात्र समुद्रपातळीच्या फार खाली कापू शकत नाही. मग ती दरी तेवढी खोल कापली कुणी?

नदीनंच, पण समुद्र खाली होता तेव्हा. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवरचं पुष्कळ पाणी बर्फात अडकलेलं होतं आणि समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. किनारा आजच्या विजयदुर्गच्या कितीतरी पश्चिमेला होता आणि वाघोटण नदी आजच्या समुद्रतळावरून वाहत पुढे जात होती. मग बर्फ वितळला, समुद्र वर आला, आणि सुमारे सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीजवळ स्थिरावला. नद्यांच्या दऱ्यांची तोंडं बुडाली. बुडालेली दरी म्हणजे खाडी. दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, देवगड, सगळीकडे हेच. समुद्र मागे गेल्याचा पुरावा म्हणून दाखवल्या जाणाऱ्या खाड्या समुद्र आत आल्याचा पुरावा आहेत.

वर आलेला समुद्र सगळीकडे एकाच पातळीचा, तरी किनारे वेगवेगळे का? कारण आकार ठरवतो तो दगड. आपल्या नद्या सह्याद्रीतून किनाऱ्याला आडव्या उतरतात, म्हणून पाणी बोटांसारखं आत शिरलं. क्रोएशियाच्या किनाऱ्यावर डोंगरांच्या घड्या किनाऱ्याला समांतर आहेत. तिथे मधल्या दऱ्या बुडाल्या आणि माथे लांबट बेटांच्या रांगा होऊन उरले. नॉर्वेच्या फियॉर्डशी कोकणच्या खाड्यांची तुलना होते, तीही चुकीची: फियॉर्ड हिमनदीनं कोरलेले असतात, सोग्नेफियॉर्ड १३०० मीटर खोल आहे, आणि कोकणात हिमनदी कधी नव्हती.

आपल्याच किनाऱ्यावर शंभर किलोमीटरमध्ये फरक दिसतो. देवगडच्या बाजूला सडे, म्हणजे जांभ्याची सपाट पठारं, थेट समुद्रात तुटतात. वर कडक जांभा, खाली मऊ माती. लाटा माती काढतात, वरचा जांभा मोठ्या ठोकळ्यांनी खाली येतो. सड्याच्या कडेला घर बांधणाऱ्यानं वरचा दगड किती पक्का हे पाहू नये, खाली माती किती उघडी पडलीये ते ओहोटीला जाऊन पाहावं. मालवण-वेंगुर्ल्याकडे लाव्हाच्याही आधीचे, फार जुने कठीण खडक किनाऱ्याला येतात, म्हणून तिथे समुद्रात खडकांचे कंगोरे आणि छोटी बेटं आहेत. सिंधुदुर्ग किल्ला अशाच एका बेटावर उभा आहे. आणि देवबागला खडक नाहीच: एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये वाळूची पट्टी.

‘गगनबावडा बंदर होणार’

कोल्हापूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे, गगनबावडा त्याहून वर. अंटार्क्टिका, ग्रीनलंड आणि सगळ्या हिमनद्यांचा बर्फ वितळला तरी समुद्र ६५ ते ७० मीटरच वाढेल, आणि त्यालाही बहुधा हजारो वर्षं लागतील. तेव्हाही खाड्या आणखी आत शिरतील, उंच सडे बेटांसारखे उरतील, पण पाणी कड्याच्या माथ्याला लागणार नाही. २०१९ आणि २०२१ चे महापूर या मजकुरात पुरावा म्हणून जोडले जातात. ते पंचगंगेच्या पाणलोटातल्या पावसाचे आणि नदीच्या संथ उताराचे होते. राजाराम बंधाऱ्यावरची ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी यांचा समुद्राशी काही संबंध नाही.

या शतकाअखेर अपेक्षित वाढ, उत्सर्जन किती राहतं त्यावर, साधारण पाव मीटर ते एक मीटर आहे. गगनबावड्याच्या आकड्यापुढे हे क्षुल्लक वाटेल, पण किनाऱ्यावर हिशेब उताराचा असतो. देवगडच्या उभ्या सड्याला एक मीटर पाणी वाढलं तर रेषा जवळपास जिथल्या तिथे राहते, फक्त लाटांचा मार वरच्या थराला लागतो. पुळणीचा, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याचा, उतार पन्नासाला एक असेल तर तेच एक मीटर पाणी पन्नास मीटर आत येतं, आणि वाळू वाहून जाते ती वेगळीच. देवबागच्या पट्टीला हे पाणी दोन्ही बाजूंनी लागणार. तिथे घरं बुडण्याच्या कितीतरी आधी विहिरी खाऱ्या होतात, कारण वाळूखालचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं आणि खालचं पाणी वर सरकलं की उन्हाळ्यातल्या उपशाला तेच आधी लागतं.