फ्यूजच्या जागी चांदीचा कागद? तो मेसेज आधी डिलीट करा

"सेल्फ लागत नाही? गॅरेजवाले लुटतात. हे पाच उपाय करा, पाच मिनिटांत स्कूटर चालू." पावसाळा लागल्यापासून हा मेसेज सांगलीतल्या ग्रुपांवर फिरतोय. माझ्याकडे सातआठ वेळा आला, मी सोडून दिला. गेल्या आठवड्यात धाकट्या बहिणीच्या शेजाऱ्यांनी त्यातला दुसरा उपाय तिच्या गाडीवर केला आणि ती तशीच माधवनगरहून मिरजेला ड्युटीवर निघाली. विश्रामबागच्या चौकातून तिचा फोन आला, "दादा, सीटखालून धूर येतोय." त्या सीटखालीच पेट्रोलची टाकी आहे. आता गप्प बसवत नाही.

म्हणून दुसऱ्या उपायापासूनच सुरुवात करतो. "फ्यूज उडाला असेल तर सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळून बसवा, कटकट कायमची मिटेल." अहो, फ्यूज उडतो तो पुढं कुठंतरी शॉर्ट आहे म्हणून. १० अँपिअरच्या फ्यूजमधून त्याच्या बराच वर करंट गेला की आतली पट्टी वितळते आणि लाइन तुटते. कागदाची गुंडाळी किती करंटला तुटेल, हे ती बसवणाऱ्यालाही माहीत नसतं. जाड झाली तर तुटतच नाही. मग सगळा करंट वायरीतून जातो, वायर तापते आणि तिच्यावरचं प्लॅस्टिक वितळायला लागतं.

बहिणीची गाडी ढकलत आणली, पॅनल काढले. फ्यूजच्या डबीपासून पुढं वीतभर लाल वायर उघडी पडली होती, तिचं प्लॅस्टिक शेजारच्या दोन वायरींना चिकटलं होतं. डबीतला कागद मात्र जसाच्या तसा. मूळ दोष निघाला हँडलच्या मानेशी. तिथं वायर घासून तांबं दिसत होतं, हँडल डावीकडं वळवलं की ते चॅसीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला टेकायचं. दहा रुपयांच्या आतल्या फ्यूजने दोनदा उडून हे सांगितलं होतं. तिसऱ्यांदा त्याला सांगूच दिलं नाही.

माझ्यावर विश्वास नको, गाडीसोबत आलेलं ओनर्स मॅन्युअल काढा. बहुतेकांच्या डिकीत ते प्लॅस्टिकच्या पिशवीत तसंच पडलेलं असतं. त्यात स्वच्छ लिहिलंय: किल्ली बंद करून, ठरवून दिलेल्या अँपिअरचाच फ्यूज बसवा, तोही लगेच उडाला तर वायरिंग तपासून घ्या. कागद, तार, जास्त अँपिअरचा फ्यूज, यातलं काहीच चालत नाही.

पहिला उपाय, ब्रेक दाबून सेल्फ मारा, हा बरोबर आहे. एवढं मान्य करायलाच हवं. बहुतेक स्कूटरना ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही. लिव्हरजवळचा ब्रेकचा स्विच पावसात खराब होतो. ब्रेक दाबून मागचा लाल दिवा लागतो का, ते आधी बघा. नसेल लागत तर दुसरा ब्रेक दाबून बघा, कित्येकदा गाडी तिथंच सुरू होते. २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या) गाड्यांपैकी बऱ्याच गाड्या साइड स्टँड खाली असला की सुरू होत नाहीत. मेसेजमध्ये त्याचा पत्ता नाही.

तिसरा: "रिलेची दोन टोकं स्क्रू ड्रायव्हरने जोडा." रिले म्हणजे बटण दाबलं की बॅटरीचा करंट सेल्फ मोटरला सोडणारा स्विच. मेकॅनिक असं करतो, खरं आहे, त्याला दोष रिलेत आहे की पुढं, एवढं बघायचं असतं. पण असं केलं की ब्रेकचा स्विच बाजूला राहतो. गाडी मेन स्टँडवर नसेल आणि ॲक्सिलरेटर थोडा जरी उघडा असेल, तर इंजिन लागताच गाडी पुढं झेपावते. शिवाय ठिणगी पेट्रोलच्या टाकीशेजारी पडते. घरी हे करू नका.

चौथा: "टक-टक आवाज आला म्हणजे सेल्फ मोटर गेली." म्हणजे हजारोंचा खर्च! बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते, नाहीतर तिच्या टर्मिनलवर, म्हणजे वायरी जोडायच्या टोकांवर, पांढरा-हिरवा थर चढलेला असतो किंवा ते ढिले झालेले असतात. व्होल्ट मोजणारा तीनचारशेचा मल्टीमीटर लावा. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. भरलेली बॅटरी सेल्फ मारताना नऊच्या खाली आली तर ती गेली. इंजिन चालू असताना १४ च्या आसपास दिसायला हवं. दिसत नसेल तर नवी बॅटरीही महिन्यात झोपेल. टर्मिनल खोलताना आधी निगेटिव्ह, बसवताना तो शेवटी. आणि काही नव्या गाड्यांत वेगळी सेल्फ मोटरच नसते, जनरेटरच इंजिन फिरवतो. त्यांच्यात बदलणार काय?

पाचवा, चालू कारच्या बॅटरीवरून जंप देणं, म्हणजे वायरी जोडून तिचा करंट घेणं. बऱ्याच मॅन्युअलमध्ये याला नाही म्हटलंय, इलेक्ट्रिकल सिस्टीम बिघडू शकते. किक असेल तर किक मारा. फक्त फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे विजेच्या पंपाने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर तो पंप बहुतेकदा फिरत नाही, मग किक मारूनही पाय दुखण्यापलीकडं काही होत नाही. चार्जर लावा.

बहिणीची वायरिंग आता नवी आहे. डिकीत १० अँपिअरचे दोन फ्यूज ठेवलेत आणि तिला सांगितलंय, दुसराही उडाला तर किल्ली काढायची, गाडी कडेला लावायची आणि मला फोन करायचा. जळलेल्या वायरीचा फोटो तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर, त्या मेसेजच्या खालीच टाकलाय. तुमच्या ग्रुपवर तो मेसेज आला तर त्याच्याखाली हे टाका.