वळ दिसले नाहीत म्हणजे छळ झाला नाही?

वृद्धाश्रमात, शुश्रूषा केंद्रात किंवा घरीच मावशींच्या भरवशावर राहणाऱ्या परावलंबी माणसांविषयी एक मजकूर कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरत असतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: अंगावर वळ नसतील तर छळ झालेला नाही, स्मृतिभ्रंश झालेल्याचे बोलणे मनावर घेऊ नये, आणि चांगले पैसे मोजून नोंदणीकृत संस्था निवडली की निश्चिंत राहावे.

पहिले विधान सर्वांत घातक आहे, कारण हेळसांड हाही छळच असतो आणि तिचे वळ उठत नाहीत. कूस न बदलल्याने माकडहाडावर किंवा टाचेवर झालेली जखम, तासन्‌तास न बदललेला डायपर, हात पोचणार नाही अशा जागी ठेवलेला पाण्याचा तांब्या, ‘हरवेल’ म्हणून कपाटात बंद केलेले श्रवणयंत्र, त्रास देऊ नये म्हणून दिलेली झोपेची जादा गोळी, पैसे काढण्याच्या स्लिपवर घेतलेला अंगठा, हे सगळे त्यातच मोडते. खुणा असल्याच तर त्या कुठे आहेत हे पाहावे. पडलेल्या माणसाला बहुधा कपाळाला, कोपराला, गुडघ्याला लागते. दंडाच्या आतल्या बाजूला बोटांच्या आकाराचे डाग पडत नाहीत. अर्थात रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जराशा धक्क्यानेही अंग काळेनिळे पडते आणि उत्तम शुश्रूषा होऊनही कधी जखम होते. त्यामुळे एका खुणेवरून आरोप करू नये, पण ती कशी झाली याची दोन वेळा दोन उत्तरे मिळाली तर गप्पही बसू नये.

दुसऱ्या विधानात अर्धसत्य आहे. स्मृतिभ्रंशात वार आणि नावे चुकतात, क्वचित भलतेच आरोपही होतात. भीती मात्र खरी असू शकते. ठरावीक आया खोलीत आली की अंग चोरणे, अंघोळीला एकाएकी विरोध, जेवण सोडणे, झोप उडणे, सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, हे बदल आजाराच्या खाती टाकण्याआधी डॉक्टरांना दाखवावेत आणि त्या माणसाशी एकांतात बोलावे. छळ सोसणाऱ्यांत नैराश्य वाढते आणि मृत्यूचा धोकाही अधिक असतो.

तिसऱ्याला उत्तर म्हणून इंग्लंडमधल्या ब्रिस्टलजवळचे विंटरबोर्न व्ह्यू हे खासगी रुग्णालय पुरेसे आहे. ते नोंदणीकृत होते, सरकारी पैशावर चालत होते. बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता असलेल्या प्रौढांना तिथे कर्मचारी मारत होते, जमिनीवर दाबून धरत होते. एका परिचारकाने केलेल्या तक्रारीची दखल नियामकानेही घेतली नाही. 2011 मध्ये बीबीसीने छुप्या कॅमेऱ्याने चित्रण दाखवले तेव्हा प्रकरण उघड झाले आणि पुढे 11 जण दोषी ठरले. नातेवाइकांना रुग्णांच्या खोल्यांपर्यंत जाऊ दिले जात नव्हते, ही बाब माझ्या मते दरपत्रकापेक्षा जास्त सांगणारी आहे. आपल्याकडेही पूर्वसूचना न देता, वेगवेगळ्या वेळी थेट खोलीत जाऊ देतात का, हे प्रवेश घेण्यापूर्वीच विचारावे.

संशय आल्यास पुरावा पूर्ण होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. ज्येष्ठांसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे. दिव्यांग व्यक्तीच्या बाबतीत 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम 7 नुसार कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना माहिती देऊ शकतो.