पहाऱ्याचा पगार

पोराला एमएससाठी अमेरिकेला पाठवायचं नक्की झालं असेल, तर आधी देवघरात थोडी जागा करा. तिथे सेव्हिसच्या फीची पावती ठेवायची आहे. ३५० डॉलरची, म्हणजे तीस हजारांच्या घरातली.

सेव्हिस म्हणजे परदेशी विद्यार्थी राहतो कुठे, शिकतो काय, विषय पुरेसे घेतले की नाही, हे टिपून ठेवणारी अमेरिकन सरकारची संगणकीय वही. सोसायटीत आपण मेन्टेनन्समधून वॉचमनचा पगार देतो तेव्हा तो चोरांवर नजर ठेवतो अशी आपली भाबडी समजूत असते. इथे ज्याच्यावर नजर, पगारही त्यानेच द्यायचा. व्हिसा नाकारला तरी पैसे परत नाहीत. पण मन लहान करू नका. बारा महिन्यांत पुन्हा अर्ज केलात तर तीच पावती चालते.

ही वही कशी आली, हे नातेवाइकांना सांगता यावं म्हणून पाठ करा. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात विमानं चालवणाऱ्या दोघांचा विद्यार्थी-दर्जा मंजूर झाल्याची पत्रं मार्च २००२ मध्ये, म्हणजे सहा महिन्यांनी, फ्लोरिडातल्या विमान प्रशिक्षण शाळेत पोचली. पत्ता बरोबर होता, एवढंच. मग तिकडच्या सरकारने कंबर कसली. २००३ पासून वही सुरू झाली, २००४ मध्ये फी लागली १०० डॉलर, २००८ मध्ये ती २०० झाली आणि २०१९ मध्ये ३५०. त्यांच्या टपालाची ढिलाई, तिचा हप्ता डोंबिवलीहून.

पावतीवरचं स्पेलिंग मात्र तपासा. देशपांडेंमध्ये ए एक की दोन, यावर आपल्याकडे सख्ख्या भावांत एकमत नसतं. तिथे पासपोर्ट, आय-२० म्हणजे तिकडच्या कॉलेजचं प्रवेशाचं प्रमाणपत्र, आणि पावती या तिघांत हवं.

व्हिसाच्या अर्जाचे १८५ डॉलर वेगळे, ते विसरू नका. शिवाय जुलै २०२५ मधल्या कायद्यात २५० डॉलरची आणखी एक फी लिहून ठेवली आहे. नियम नीट पाळले तर ती परत मिळू शकते, असंही त्यात आहे. मुंबईत भाड्याने राहिलेल्या माणसाला डिपॉझिट परत मिळण्याबद्दल मी काय सांगावं?

मुलाखतीच्या दिवशी सहकुटुंब बीकेसीला जा. आत फक्त पोरगं जाईल, तेही फोनशिवाय. बाकीच्यांनी फुटपाथवर उन्हात उभं राहून फाइल छातीशी धरायची. २०११ पर्यंत वकिलात ब्रीच कँडीला होती, तेव्हा निदान समुद्राचा वारा तरी लागायचा. आत दोन मिनिटांत पोराने पटवून द्यायचं, की मी शिकून परत येणार, माझं सगळं इथेच आहे. त्याच संध्याकाळी तुम्ही लिफ्टमध्ये जोशीकाकांना सांगायचं, ‘आता तो काही परत येत नाही.’ दोन्ही विधानं एकाच दिवसात करायला कसब लागतं. सराव ठेवा.

आणखी एक. जून २०२५ पासून अर्जदाराची समाजमाध्यमांवरची खाती सगळ्यांसाठी उघडी ठेवायला सांगतात. पोराच्या फोटोखाली मावशीने लिहिलेलं ‘गुणी गं माझं सोनं, दृष्ट काढ’ आता व्हिसा अधिकाऱ्यालाही वाचायला मिळेल. वाचू दे. झाला तर फायदाच होईल.

पोरगं तिकडे पोचलं की निर्धास्त व्हा, असं मी म्हणणार होतो. पण एप्रिल २०२५ मध्ये हजारो विद्यार्थ्यांच्या नोंदी त्या वहीतून अचानक रद्द झाल्या. कित्येकांचा गुन्हा जुन्या वाहतूक दंडाएवढाच. काहींना हे कॉलेजने कळवलं, तेव्हा कळलं. पोरं कोर्टात गेली, न्यायाधीशांनी सरकारला फैलावर घेतलं आणि महिनाअखेरीस नोंदी पुन्हा चालू करायला सुरुवात झाली. तेव्हा पोराला सांगा, लाल सिग्नल पाळ. आपल्याकडे सायनला पाळला नसलास तरी.

घर बदललं की दहा दिवसांच्या आत नवा पत्ता कळवायचा, हा नियम तो न चुकता पाळेल. शेजारच्या वहिनींचा मुलगा पाळतो. त्याच मुलाने आईला खोली बदलल्याचं तीन आठवड्यांनी सांगितलं, तेही तिने पार्सल पाठवायला पत्ता मागितला म्हणून. परवा रात्री साडेअकराला वहिनी आमच्या दारात फोन घेऊन उभ्या होत्या. ‘जेवलास का?’ या निरोपापुढे दोन निळ्या खुणा, उत्तर नाही.

‘तुम्ही त्या सेव्हिसबद्दल सांगत होता ना,’ त्या म्हणाल्या, ‘तिथे विचारता येईल का हो?’