संगणकशेतीसाठी पडकं घर कसं निवडावं

'थोडी डागडुजी आवश्यक' अशी जाहिरात दिसली की लगेच फोन फिरवा. 'भरपूर डागडुजी आवश्यक' असेल तर फोनही नको, तसेच निघा. संगणकशेती म्हणजे ढीगभर संगणक एकत्र ठेवून रात्रंदिवस आकडेमोडीला जुंपणं. तुम्हाला घर राहायला नकोय, संगणक ठेवायला हवंय, आणि पोपडे निघालेत, न्हाणीघराला कडी नाही, जिन्याची तिसरी पायरी हलते अशी कुरकुर संगणक करत नाहीत. विकणाऱ्यालाही असं गिऱ्हाईक जन्मात भेटलेलं नसतं. तो बिचारा ओल झाकायला भिंतीपुढे कपाट सरकवून उभा असतो आणि तुम्ही विचारता, "वीज किती ॲम्पिअरची आहे?" तो म्हणतो, "आहे की." एवढ्या उत्तरावर इसार देऊन मोकळं व्हावं.

गोठ्याआधी गुरं येऊन पडलेली असतात, हे उघडच आहे. कुठल्याशा कंपनीने मोडीत काढलेले दहा सर्व्हर, म्हणजे कंपन्यांत अखंड चालणारे चपट्या पेटीतले संगणक, तुम्ही घासाघीस करून रॅकसकट (ते ठेवायच्या लोखंडी घोड्यासकट) उचललेत. उचललेत म्हणजे अक्षरशः. एकेक पेटी पंधरा-वीस किलोची, पाठीत जी चमक भरते ती तेव्हापासूनची. इतकी चांगली यंत्रं त्यांनी टाकून का दिली, हा प्रश्न मनात येऊ देऊ नका. टाकणाऱ्यांकडे विजेचा हिशेब करायला पगारी माणसं होती. तुमच्याकडे हौस आहे. एखादा जाणता मित्र सांगेल, की असल्या चार-पाच जुन्या पेट्यांचं काम आजचा एक चांगला डेस्कटॉप कोपऱ्यात बसून गुपचूप करतो. खरंच आहे ते. पण कोपऱ्यात बसणाऱ्या डेस्कटॉपसाठी कोणी घर घेतं का?

घर बघायला गेलात की बाकी काही न बघता मीटरपाशी जा. लाकडी पाटी, चिनीमातीचे कटआउट, कापडी वेष्टणाच्या वायरी दिसल्या तर सौदा पक्का समजा. या वायरिंगने आयुष्यात चार दिवे, एखादा पंखा आणि अधूनमधून इस्त्री एवढंच पाहिलेलं असतं. आता हिशेब करू. कामाला जुंपलेली एक पेटी ५०० वॅट खाते असं धरा. दहा पेट्यांचे झाले ५ किलोवॅट, म्हणजे २३० व्होल्टला जवळपास २२ ॲम्पिअर, आणि तेही इस्त्रीसारखे दहा मिनिटं नव्हे, रात्रंदिवस. दिवसाला १२० युनिट, महिन्याला ३,६००. मंजूर भार वाढवून घ्यायला अर्ज करणारे लोक असतात; पण त्यांना घर दुरुस्त करायचीही खोड असते. तुम्ही फ्यूज उडाला की त्यात जरा जाड तार घाला. पुन्हा उडाला की आणखी जाड. एक दिवस फ्यूज उडायचा थांबतो, आणि उडण्याची जबाबदारी भिंतीतली वायर स्वतःकडे घेते.

इथे जरा रेंगाळू, कारण खरी गंमत भिंतीतच आहे. वायरीतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. आत कुठेतरी, कोण्या कारागिराने चाळीस वर्षांपूर्वी दोन तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेला एक सांधा असतो. तो आता सैल झालाय, तांब्यावर काळपट थर चढलाय, आणि त्याचा रोध समजा ०.१ ओहम झालाय. त्यातून १५ ॲम्पिअर वाहिले की त्या एका सांध्यावर साडेबावीस वॅट. ऐकायला किरकोळ वाटतं. पण डाग द्यायची साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते, आणि तिच्या टोकाला कथील वितळतं. थोडक्यात, तुमच्या भिंतीत एक सोल्डरिंग आयर्न कायमची चालू आहे, ती नेमकी कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नाही, आणि तिला टेकून बहुधा जुनं वाळकं लाकूड आहे.

मी स्वतः अशी एकच पेटी पाळली होती, तीही धडधाकट घरात. एका संध्याकाळी मासळीसारखा वास सुटला. मी आधी स्वयंपाकघर धुंडाळलं, मग खिडकीतून खाली पाहिलं. वास एक्स्टेन्शन बोर्डाचा होता. पांढऱ्या प्लास्टिकवर एका भोकाभोवती चहाच्या कपाने उठावं तसं तपकिरी कडं उठलं होतं, आणि प्लग ओढला तर पितळेची पिन बोर्डातच राहिली. तुमच्याकडे दहा पेट्या आहेत, तेव्हा वास ओळखायला इतका वेळ लागणार नाही.

संगणक जेवढी वीज खातो ती सगळी, अगदी सगळी, शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. आकडेमोड ही वाटेत घडून जाणारी गोष्ट. ५ किलोवॅटचे सर्व्हर आणि ५ किलोवॅटचा हीटर यांत खोलीच्या लेखी फरक इतकाच, की हीटर शांत असतो. ही उष्णता बाहेर काढायला दीड टनाचा एसी लागेल. (हा टनही मजेशीर आहे. एक अमेरिकी टन, म्हणजे ९०७ किलो, बर्फ चोवीस तासांत वितळवायला लागते तेवढी उष्णता म्हणजे एक टन, सुमारे ३.५ किलोवॅट. तुमच्या शेतात रोज तशा जवळपास दीड टन बर्फाचं पाणी होऊ शकतं. बर्फविक्याने हेवा करावा असं नुकसान.) हा एसी वर आणखी दीड-दोन किलोवॅट ओढणार, त्याच वायरीतून, त्याच सांध्यातून. आणि पडक्या घराला एसी लावणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं.

म्हणून एसी नकोच. फुटक्या काचा, न मिटणारी दारं, छपरातून दिसणारं आभाळ यांची किंमत आता कळते. बाहेरची गार हवा आत खेळवायला मोठमोठी डेटा सेंटर (हजारो सर्व्हर ठेवायच्या इमारती) जी यंत्रणा उभारतात, ती तुम्हाला घराबरोबर फुकट मिळाली आहे. हवेबरोबर धूळ येईल, किडे येतील, पहाटेची ओल येईल. पेट्या चालू आहेत तोवर तापलेल्या असतात, ओल त्यांच्या वाटेला जात नाही. वीज गेली की मात्र त्या गार पडतात, दमट हवा बोर्डांवर अलगद बसते, आणि वीज परत आल्यावर जो 'फट्' असा आवाज येतो, त्यावरून कुठली पेटी गेली हे अनुभवाने ओळखता येऊ लागतं. पावसाळ्यात तर छप्पर स्वतःच कामाला लागतं. वॉटर कूलिंगसाठी लोक कुठे कुठे नळ्या जोडत बसतात!

उंदीर आलेच. पॉवर सप्लायच्या मागची ऊब आणि वायरींचं मऊ वेष्टण, बाळंतपणाला याहून चांगली सोय काय असणार? त्यांच्यासाठी मांजर आणाल तर ते सगळ्यात वरच्या पेटीवर ताणून देईल आणि त्या दोघांचं छान जमेल.

पेरायचं काय हे मी मागे ठेवलं, कारण तुम्हीही ते मागेच ठेवलं होतं. परग्रहावरचे संदेश घरबसल्या शोधायचा सेटी ॲट होम हा प्रकल्प १९९९ साली सुरू झाला, लाखो लोकांनी आपले संगणक त्याला दिले, आणि मार्च २०२०मध्ये त्याने नवं काम वाटणंच थांबवलं. तो हंगाम हुकला. फोल्डिंग ॲट होम २०००पासून चालू आहे, प्रथिनांच्या घड्यांचा अभ्यास करतं, औषधसंशोधनाच्या कामी येतं, आणि त्याला घरातला आहे तो संगणक पुरतो. म्हणजे घर घ्यायला काही निमित्तच राहत नाही, बाद. ग्राफिक्स कार्डांवर इथेरियम खणायचे, म्हणजे आकडेमोड करून ते आभासी चलन कमवायचे, दिवस १५ सप्टेंबर २०२२ला एका फटक्यात संपले. बिटकॉइन हे तसलंच दुसरं चलन आहे अजून. तिथे आकडेमोडीचं कोडं जो आधी सोडवेल, त्याला व्यवहारांचा पुढचा गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, नोंदवायला मिळतो आणि बक्षीस म्हणून नवी नाणी. दर २,०१६ ब्लॉकनंतर, साधारण दोन आठवड्यांनी, हे कोडं किती अवघड असावं ते नव्याने ठरतं. जगभरात यंत्रं वाढली की कोडंही अवघड होतं. तुमच्या दहा पेट्यांमुळे ते वाढेल अशी काळजी करू नका. ते काम त्यासाठीच घडवलेल्या चिपा करतात, तुमची त्यांना गंधवार्ताही लागणार नाही. शिवाय २००९मध्ये ब्लॉकमागे ५० नाणी मिळायची, ती दर चारेक वर्षांनी निम्मी होत एप्रिल २०२४पासून ३.१२५वर आली आहेत. पीक निम्म्यावर येणार हे पेरणीआधीच छापून ठेवलेलं शेत दुसरं कोणी घेणार नाही, तेव्हा भाव पाडून मिळेल.

उरल्या मूळ संख्या. ऑक्टोबर २०२४मध्ये तोवरची सगळ्यात मोठी मूळ संख्या सापडली, ४,१०,२४,३२० अंकी. ती हुडकायला १७ देशांतल्या डेटा सेंटरांमधली ग्राफिक्स कार्डं राबत होती. त्यांतलं एकही छप्पर गळत असल्याचं ऐकिवात नाही, पण नशीब कुठेही उघडतं. लावा पेट्या.

आवाजाची तयारी ठेवा. या चपट्या पेट्यांत दीड इंचाचे पंखे असतात, आणि एवढ्याशा पंख्याने पुरेशी हवा ढकलायची तर त्याला मिनिटाला दहा हजारांवर फेरे घ्यावे लागतात. असे साठ-सत्तर पंखे मिळून एकच सूर धरतात. डासाचाच सूर, पण डास बैलाएवढा. खिडक्यांना काचा नाहीत, त्यामुळे तिसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला शेजारी टॉर्च घेऊन दारात उभा राहतो.

"अहो, हे काय चालवलंय?"

"मूळ संख्या शोधतोय."

"हरवलीय का?"

"नाही हो. अजून कोणालाच सापडलेली नाही, अशी."

"मग सापडली की हे थांबेल ना?"

"मग त्याहून मोठी शोधायची."

तो बराच वेळ तुमच्या खांद्यावरून आत लुकलुकणाऱ्या हिरव्या दिव्यांकडे बघत राहतो. मग टॉर्च विझवतो.

"इतके दिवस थांबलीय ना ती? मग सकाळी शोधा की."