घाण्याचं तेल सोडायची घाई नको
रोज अर्धा मोठा चमचा ऑलिव्ह तेल घेतलं की आयुष्य वाढतं, हे ऑलिव्ह तेलावरच्या तुमच्या लेखात फारच सरसकट लिहिलंय. लेखाला आधार असलेल्या 2022 च्या अमेरिकी अभ्यासात लोणी किंवा मार्गारीन (तेलापासून बनवलेला लोण्यासारखा पदार्थ) यांच्याऐवजी ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. इतर वनस्पती तेलांशी तुलना केली तेव्हा मात्र ठळक फरक नव्हता. हे सांगायलाच हवं होतं. आहार आणि हृदयविकार यांवरच्या स्पेनमधल्या प्रेडिमेड चाचणीतही एक्स्ट्रा व्हर्जिन, म्हणजे रसायनाशिवाय काढलेलं ऑलिव्ह तेल होतं, सोबत भाज्या, डाळी, मासे. इथे कोथरूडमध्ये आमच्या शेजारच्या काकू पोमेस ऑलिव्ह तेलाच्या डब्यातून कढई भरून बटाटेवडे तळतात, काकांच्या हृदयासाठी म्हणून! पोमेस म्हणजे ऑलिव्हच्या उरलेल्या चोथ्यातून रसायनाने काढून शुद्ध केलेलं तेल. पेन्शनवर भागवणाऱ्यांनी त्यापायी शेंगदाणा तेल सोडू नये, तळण मात्र जरूर कमी करावं.