नाव कळून काय करायचं?

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मागच्या लेखातले, रक्तात क्वचित सापडणारे जंतू लाखात एखाद्याला गाठतात, ब्लड कल्चरच्या (रक्तात जंतू आहेत का ते वाढवून पाहायच्या) बाटलीत उगवलेलं बरंचसं कातडीवरचंच असतं, आणि मेरोपेनेमसारखं तगडं अँटिबायोटिक हाताशी असताना जंतूचं नाव कळून काय करायचं, असं तुम्ही विचारलंत.

कातडीचा मुद्दा मान्य. तो लेखात यायला हवा होता. कोरिनेबॅक्टेरियमसारखे जंतू सुईबरोबर बाटलीत जातात, म्हणून तर दोन वेगवेगळ्या जागांहून रक्त घेतात. एकाच बाटलीत आणि तेही दोन दिवसांनी काही उगवलं, तर मलाही शंका येते. पण केमोथेरपीनंतर न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) मायक्रोलिटरमागे ५०० च्या खाली गेलेत, छातीत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत ठेवलेली नळी) आहे आणि ती फ्लश केल्यावर, म्हणजे सलाइनने धुतल्यावर, पेशंटला हुडहुडी भरते, असं असेल तर? हेच जंतू त्या नळीच्या आत थर धरून बसतात. तिथे ‘कंटॅमिनेशन’ (बाहेरून मिसळलेला जंतू) लिहून रिपोर्ट हातावेगळा करायला माझा हात धजत नाही. आधी वॉर्डात फोन लावते.

मेरोपेनेमचं मात्र पटलं नाही. स्टेनोट्रोफोमोनास माल्टोफिलिया हा जंतू या औषधाला मुळातच जुमानत नाही. बाकीचे मरतात आणि याला रान मोकळं मिळतं. त्याच्यावर बहुतेक वेळा कोट्रायमोक्साझोल चालतं, तेच जुनं, साधं औषध! एलिझाबेथकिंगिया हा जंतूही मेरोपेनेमला दाद देत नाही. (अमेरिकन जंतुशास्त्रज्ञ एलिझाबेथ किंग यांनी १९५९ मध्ये त्याचं वर्णन केलं, त्यांचं नाव त्याला मिळालं ते २००५ मध्ये.) तो पाण्यात, नळाच्या तोंडाशी राहतो. म्हणजे रिपोर्टवर हे नाव आलं की औषध तर बदलतंच, शिवाय कुणीतरी वॉर्डातलं सिंकही तपासायला जातं.

नावासाठी थांबा, असं मात्र मी म्हटलेलं नाही. केमोथेरपीनंतर न्यूट्रोफिल घसरलेल्या पेशंटला ताप आला की रक्त घ्यायचं आणि तासाभरात अँटिबायोटिक सुरू करायचं. नाव मागाहून येतं.

राहिलं ‘लाखात एक’. कॅप्नोसायटोफागा कॅनिमोर्सस हा जंतू कुत्र्याच्या तोंडात असतो आणि बहुतेकांना काही करत नाही. प्लीहा (स्प्लीन) काढलेल्या माणसाला मात्र छोट्याशा चाव्यानंतरही तो एक-दोन दिवसांत अत्यवस्थ करू शकतो. बाटलीत तो इतका सावकाश वाढतो की रिपोर्ट यायच्या आधीच डॉक्टरांना अंदाज बांधावा लागतो. तो बांधता यावा म्हणून अशा माणसाने चाव्याच्या दिवशीच दवाखाना गाठावा, आणि जखम दाखवण्याआधी प्लीहा काढल्याचं सांगावं.